पद्मिनीचं इंजिन घरी बांधताना : आधी मापं, मग पार्ट

पहिल्यांदा इंजिन खोलणाऱ्याने प्रीमियर पद्मिनीचं इंजिन निवडावं, यामागे आठवणींपेक्षा व्यवहार जास्त आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल). ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालणारे. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा. गाडी कुर्ल्यातच बनायची आणि टॅक्सी म्हणून मुंबईत हजारोंनी धावली, त्यामुळे ही इंजिनं बांधलेले मिस्त्री आणि त्यांचं मशीनकाम करणारे बोरिंगवाले शहरात अजून सापडतात. मात्र नोंदणीतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून पार्टचा खप टॅक्सीवाल्यांचा राहिला नाही, हौशी लोकांचा झाला. जुना साठा संपत चाललाय आणि नकली माल वाढलाय. म्हणून पिस्टनचा सेट आधी विकत घेऊन मग इंजिन खोलणं हा पैसे बुडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

घरी करायची कामं तीन : खोलणं-धुणं, मोजणं आणि बांधणं. बोरिंग (बोअर कापून मोठा करणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून गोल करणं) आणि हेडचं फेसिंग (खालची बाजू सपाट करणं) मशीनवरच होतं, त्यात हौस चालत नाही.

खोलण्याआधी

इंजिन खरंच खोलायची गरज आहे का, ते कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) सांगतं. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टरवर पाच-सहा फेरे फिरवा. चारही आकडे लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलतो. सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा एखादा सिलिंडर १५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीयेत. शेजारचे दोन सिलिंडर जोडीने खाली असतील, तर बहुतेक वेळा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालेलं असतं, आणि त्यासाठी अख्खं इंजिन उतरवायची गरज नाही.

धुराकडेही बघा. बराच वेळ आयडलवर ठेवून ॲक्सिलरेटर दिल्यावर निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) संशयित. ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढताना धूर सतत येत राहतो, तेव्हा रिंगा. इंजिन तापल्यावर आयडलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला, तर मेन (क्रँक ब्लॉकमध्ये धरणारी) आणि बिग एंड (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बेअरिंगं ढिली झाली असावीत. पण आधी दुसरा ऑइल प्रेशर स्विच लावून खात्री करा, कारण स्विचही खोटं बोलतो.

गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणजे रिंगा, बेअरिंगं आणि व्हॉल्व्हचं काम, आणि ‘फुल इंजिन’ म्हणजे बोअर, पिस्टन, क्रँकसकट सगळं. यातलं कोणतं करायचं, हे इंजिन खोलून मापं घेतल्यावरच ठरतं. गाडी बाहेरून बघून ‘फुल करावं लागेल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, आणि ‘रिंगा टाकून होईल’ म्हणणाऱ्याचंही नाही.

जागा, मोसम, हत्यारं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल, तर कमिटीला आधी लेखी विचारा आणि खाली पत्र्याचा ट्रे टाका. फरशीवर ऑइलचा एक डाग पडला की पुढच्या सभेत तुमचाच विषय. चेनब्लॉक स्टिल्टच्या (इमारतीखालच्या खांबांवरच्या पार्किंगच्या) बीमला किंवा स्लॅबच्या हुकाला टांगू नका. गॅरेजवाल्याकडून चाकांचा इंजिन होइस्ट किंवा भक्कम तिकाटणं भाड्याने आणा. ब्लॉक दोघांनी हाताने उचलायच्या वजनाचा नाही. हेड, पिस्टन आणि रॉकरचं काम मात्र गॅलरीतल्या टेबलावरही होतं.

काम नोव्हेंबर ते मेमध्ये करा. पावसाळ्यात नुकताच होन केलेला (दगडाने बारीक घासलेला) बोअर बघता बघता तांबूस पडतो, आणि समुद्राजवळच्या घरात हा त्रास वर्षभर असतो. उघड्या लोखंडावर कायम ऑइलचा हात, वर प्लास्टिकची पिशवी. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. ८ ते २२ मिमीचे रिंग पाने आणि सॉकेट, टॉर्क रेंच, फिलर गेज, व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर, रिंग कॉम्प्रेसर, २५–५० आणि ५०–७५ मिमीचे मायक्रोमीटर, आणि बेअरिंगचा गॅप मोजायला प्लास्टिगेज (दाबला की चपटा होणारा मऊ धागा). बोअर डायल गेज महाग असतो. तो नसेल तर बोरिंगवाल्याकडून मापं घ्या, पण स्वतः उभं राहून प्रत्येक आकडा वहीत उतरवा. पद्मिनीचं वर्कशॉप मॅन्युअल हवंच. बोल्टचे टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि टॅपेटचे गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) त्यातूनच घ्यायचे, मिस्त्रीच्या अंदाजाने नाही.

उतरवणं आणि खोलणं

बॅटरी काढा, कूलंट आणि ऑइल सोडा. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती खुणा करून बॉनेट उतरवा, मग रेडिएटर, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा पाइप. पेट्रोलच्या पाइपाला बूच मारा. प्रत्येक वायरला चिकटपट्टीचं लेबल आणि प्रत्येक पायरीचा फोटो. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, रोटर कुठे बघतोय त्याची खूण डिस्ट्रिब्युटरवर करा आणि मगच तो बाहेर काढा. गिअरबॉक्स जागेवर ठेवणार असाल, तर त्याच्याखाली जॅक लावा. इंजिन सरकताना त्याचा भार क्लच शाफ्टवर आला तर शाफ्ट आणि क्लच प्लेट दोन्ही बाद होतात.

हेड पूर्ण थंड असतानाच उघडायचं. नट-बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत सोडा. गरम ॲल्युमिनियमचं हेड घाईत उघडलं की वाकतं. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून पुशरॉड क्रमाने खोचा आणि टॅपेटही (कॅमवर टेकणारे दट्टे) त्याच क्रमाने ठेवा. प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमवर घासून बसलेला असतो. अदलाबदल झाली तर नव्या जागी तो कॅम खातो.

पिस्टन वर ढकलण्याआधी बोअरच्या वरच्या काठावर बोट फिरवा. रिंग जिथे पोहोचत नाही तिथे कंगोरा राहिलेला असतो. तो रिज रीमरने काढल्याशिवाय पिस्टन ठोकला तर रिंगांच्या खाचा तुटतात. रॉडचे आणि मेन बेअरिंगचे कॅप काढण्याआधी नंबर आहेत का बघा. नसतील तर सेंटर पंचने टिंब मारा, आणि टिंबं नेहमी एकाच बाजूला. कॅपांची अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही, आणि मग कितीही चांगलं बेअरिंग घाला, क्रँक जाम होतो. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे बाहेर येताना त्यांचा ओरखडा क्रँकवर उमटणार नाही.

जुनी शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) फेकू नका, वाचा. आडव्या चरा असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. तांबं उघडं पडलं असेल तर ती चालून चालून झिजली. एका कडेलाच झीज असेल तर रॉड वाकलाय, आणि तसा रॉड नव्या बेअरिंगलाही तेच करेल.

जुनी गॅस्केटं खरवडताना ती ओली करा. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे कोरडी वायर ब्रशने घासू नका आणि हवेने उडवू नका.

धुणं

बिडाचा ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत चालतो, पण कॅमचे बुश बदलणार असाल तरच. हेड, पिस्टन आणि ॲल्युमिनियमची कव्हरं त्या टाकीत गेली की गेलीच, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. बोरिंगवाल्याच्या पोऱ्याला हे स्वतः सांगा, कारण तिथे सगळं एकाच बादलीत जातं.

ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा. क्रँकच्या तिरक्या भोकांमध्ये वर्षानुवर्षांचा काळा चिखल साचलेला असतो. रॉकेल, ब्रश आणि हवा, पुन्हा रॉकेल, हे स्वच्छ थेंब येईपर्यंत. नवी बेअरिंगं पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये जातात, तेव्हा बहुतेकदा हाच चिखल सुटून त्यांच्यात शिरलेला असतो. ब्लॉकचे वेल्च प्लग (पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) आत्ताच बदला. नळाचं साधं पाणी घालून चाललेल्या गाडीत ते आतून सडलेले असतात, आणि इंजिन परत बसल्यावर मागच्या प्लगला हात पोहोचत नाही.

मापं

प्रत्येक बोअरची सहा मापं : वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेत आणि तिच्या आडवं. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या पट्ट्यात, आडव्या दिशेत सापडेल, कारण रॉड पिस्टनला त्या बाजूला रेटतो. वरचा आणि खालचा आकडा यांतला फरक म्हणजे टेपर, आणि एकाच उंचीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. यांतलं काहीही ०.१० मिमीच्या पुढे गेलं की नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे त्याच कामासाठी वर्षभरात पुन्हा इंजिन उतरवणं. गोल रिंग लंबगोल भोक बंद करत नाही.

क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) तसेच, प्रत्येकी दोन दिशांत आणि दोन ठिकाणी. ०.०३ मिमीहून जास्त ओव्हॅलिटी, किंवा नखाला लागणारी चर असेल तर ग्राइंडिंग. घासून बारीक केलेल्या क्रँकसाठी शेलची अंडरसाइज ठरावीक टप्प्यांत येते : १०, २०, ३०, ४० थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ मिमी. तुमचा क्रँक आधीच ३० वर असेल, तर ४० ची शेल हातात आल्याशिवाय ग्राइंडिंगला देऊ नका. शेवटच्या टप्प्याचा माल मिळाला नाही तर चांगला क्रँक निव्वळ भंगार होतो.

हेडवर सरळ पट्टी लांबीने, रुंदीने आणि तिरकी ठेवून खालून ०.०५ मिमीचा फिलर घालून बघा. गेला तर फेसिंग, पण नावापुरतंच. जेवढं हेड उतरवाल तेवढं कॉम्प्रेशन वाढतं. पाण्याच्या भोकांचे काठ कुरतडलेले असतील तर आधी आर्गॉन वेल्डिंग आणि प्रेशर टेस्ट. शिसेरहित पेट्रोल देशभर येऊन पाव शतक झालं, तरी जुन्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, ज्यांची झीज पेट्रोलमधलं शिसं कमी करायचं) तशाच असलेली हेडं अजून सापडतात. एक्झॉस्टच्या सीट खोल बसल्या असतील तर कडक धातूच्या नव्या सीट बसवून घ्या.

खरेदी

आता बाजारात जा. जुन्या-पुराण्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, नव्यासाठी ऑपेरा हाऊसच्या बाजूची दुकानं. खोक्यावरचा साइज वाचून पैसे देऊ नका. पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेला आकडा बघा आणि मायक्रोमीटरने स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) मोजा, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात. चारही पिस्टन एकाच सेटचे हवेत. घरच्या डिजिटल काट्यावर तोला, चार-पाच ग्रॅमहून जास्त फरक दिसला तर सेट परत करा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मालात रिंगांना गंज असतो, कॉर्कची गॅस्केटं आकसलेली असतात, ऑइल सील दगड झालेले असतात. सील आणि गॅस्केट नव्या उत्पादनाचीच घ्या. पेट्रोलचा रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा मागा. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं.

ब्लॉक बदलण्याची वेळ आली तर थांबा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो आरसी बुकाशी जुळावा लागतो. दुसऱ्या ब्लॉकचं बिल आणि आरटीओची नोंद हातात नसताना गाडी अडकते. बोअर शेवटच्या साइजला गेलेला असला तरी जुन्या ब्लॉकला स्लीव्ह (बोअरच्या आत बसवायची नळी) टाकून परत मूळ मापाला आणता येतं. तेच बरं.

बोरिंगवाल्याकडे

पिस्टन बरोबर घेऊन जा. ‘वीसवर बोअर कर’ (म्हणजे मूळ मापापेक्षा २० थाउ मोठा) असं सांगून ब्लॉक टाकून येऊ नका. प्रत्येक बोअर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने व्हायला हवा, आणि दोघांतला गॅप पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेला. तो कागदावर लिहून द्या. शेवटचे ०.०५ मिमी बोरिंगच्या टूलने नाही, होनिंगने काढायचे. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या हव्यात. बोअर आरशासारखा चकचकीत आला तर परत पाठवा, ऑइल धरून ठेवायला त्याला जागाच नसते.

क्रँक घेताना जर्नलच्या दोन्ही टोकांचे कोपरे बघा. तिथे गोलाई राखलेली हवी. घाईत चौकोनी कोपरा काढला तर क्रँक तिथूनच तुटतो. ऑइलच्या भोकांची धार मोडून पॉलिश केलेली हवी. रॉड सरळ आहेत का, स्मॉल एंडचे बुश ढिले आहेत का, हे तिथेच तपासून घ्या आणि पिस्टन-पिन बसवायचं कामही त्यांच्याकडूनच करून घ्या. पिस्टनवरचा बाण पुढे आणि रॉडचा नंबर कॅमच्या कोणत्या बाजूला होता, ते खोलतानाच्या फोटोवरून दाखवा.

घरी आणल्यावर बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवायचे. रॉकेलने होनिंगची बारीक पूड निघत नाही, उलट रेघांत बसते. ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवा, ते राखाडी येत असेल तर पुन्हा साबण. पाणी निथळलं की लगेच ऑइल.

बांधणी

हे काम एका सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत ब्लॉक बंद करण्याइतका वेळ असेल तेव्हाच हातात घ्या. शेलची पाठ आणि तिची बैठक पूर्ण कोरडी, समोरचा भाग ऑइलने माखलेला, ऑइलचं भोक भोकावर. ऑइल लावण्याआधी मात्र एकदा कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजचा तुकडा ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता पुन्हा सोडा आणि चपटी झालेली पट्टी मोजा. ०.०३ ते ०.०६ मिमी असेल तर पुढे जा.

मेन बेअरिंग तीनच आहेत. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे जड झाला तो कॅप दोषी. तीनही आवळून मग शोधत बसलात तर कळणार नाही कोणता. थ्रस्ट वॉशरची (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या वॉशरची) चरांची बाजू क्रँककडे. उलटी बसली तर वॉशर थोड्याच दिवसांत खल्लास, आणि क्लच दाबला की इंजिन पुढे सरकल्यासारखं वाटतं.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग तिच्या बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांमधला गॅप मोजा. ६८ मिमीच्या बोअरला ०.२५ ते ०.३५ मिमी ठीक. कमी असेल तर एकाच टोकाला कानस लावून वाढवा. गॅप कमी राहिला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर खरवडते किंवा तुटते. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर, तिन्ही गॅप १२० अंशांवर. एक पिस्टन घातला की क्रँक फिरवायचा, मग दुसरा.

ऑइल पंपाच्या गिअरमध्ये ऑइल भरूनच तो बसवा. कोरडा पंप पहिल्या सुरुवातीला ऑइल ओढत नाही. टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवरच्या खुणा जुळवा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा तपासा.

हेडच्या बोल्टांची भोकं ब्लॉकमध्ये कोरडी करा. तळात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जातो. गॅस्केट कोरडं, त्याला ग्रीस नाही आणि पेस्ट नाही. टॉर्क मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत.

टॅपेटसाठी फायरिंग ऑर्डर लक्षात ठेवा : १-३-४-२. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले (एक बंद होतोय, दुसरा उघडतोय) की एक नंबरचे टॅपेट लावा. क्रँक अर्धा फेरा : आता दोन नंबर हलतोय, तीन लावा. पुन्हा अर्धा : एक हलतोय, चार लावा. पुन्हा अर्धा : तीन हलतोय, दोन लावा.

पहिली स्टार्ट

गाडी उघड्यावर ढकला. बंद स्टिल्टमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. जवळ अग्निशामक ठेवा. प्लग काढूनच स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये त्याला गार होऊ द्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. सुरू झाल्यावर दहा सेकंदांत दिवा विझला नाही तर बंद करा, ‘येईल’ म्हणत थांबू नका.

कॅम किंवा टॅपेट नवे असतील तर इंजिन आयडलवर सोडू नका. १५०० ते २५०० आरपीएममध्ये वरखाली करत वीस मिनिटं चालवा, कारण आयडलला कॅमवर पुरेसं ऑइल उडत नाही. नवं इंजिन घट्ट असतं, जास्त तापतं, म्हणून रेडिएटर आधीच साफ करून घेतलेला हवा. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी मॅन्युअलच्या सांगण्याप्रमाणे हेडचा टॉर्क पुन्हा तपासा, टॅपेटही पुन्हा लावा.

साधं मिनरल २०डब्ल्यू-५० ऑइल वापरा. सिंथेटिकची घाई नको, रिंगा बसायला वेळ लागतो. पहिले काही दिवस पहाटे, ट्रॅफिकच्या आधी, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर : मध्यम ॲक्सिलरेटर देऊन वेग ६० पर्यंत न्या, पाय काढून आपोआप उतरू द्या, पुन्हा. एकाच वेगात लांब चालवणं आणि टॉप गिअरमध्ये कुंथवणं दोन्ही टाळा. खंडाळ्याचा घाट पहिल्या हजार किलोमीटरनंतर.

दोनशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं ऑइल फडक्यातून गाळून बघा. बारीक राखाडी चमक चालेल, तांबूस कण दिसले तर ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडायचा. ते ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजचं जुनं ऑइल उचलणाऱ्याला द्या. हजारावर पुन्हा ऑइल, टॅपेट आणि कॉम्प्रेशनची चारही मापं. निळा धूर तोपर्यंत थांबायला हवा. थांबला नसेल तर आधी कॉम्प्रेशनचे आकडे बघा. चारही सारखे आणि चांगले असतील तर धूर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गाइडचा असतो, हेड उतरवून भागेल. एकाच सिलिंडरचा आकडा पडलाय आणि ऑइल टाकल्यावर चढतोय, तर त्यातली रिंग तुटली आहे किंवा उलटी गेली आहे, आणि हेड व चेंबर उतरवून तो एकच पिस्टन बाहेर काढायचा.